भटूच्या सुरीचं म्यान

१२ जानेवारी १९९७, रविवार. आज मागच्या खोलीतला भाडेकरू भटू याची झडती झाली, माझ्यामुळे.

भटू धरणगावकडचा. डांगच्या जंगलात टेलिफोनच्या तारा ओढायला जातो. काल त्याच्या उशाजवळ मला म्यानातली सुरी दिसली. त्याला न विचारता मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. आज ते चार माणसं घेऊन आले.

"खोली खाली कर," सेक्रेटरी म्हणाले.

भटूने म्यानावर गुंडाळलेली सायकलची ट्यूब सोडली. आतून मेणात बुडवलेल्या आगकाड्या, सुईदोरा, मासे धरायचा गळ, तुरटी निघाली.

"रानात वाट चुकली तर यावर दोन दिवस निघतात. मेण नि सुई मावशींनीच दिलीय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला तर असं काही दिल्याचं आठवेना.

घरी येऊन डायरी चाळली. बुधवारी माझ्याच अक्षरात होतं, 'भटूला रानात न्यायला मेणबत्तीचे तुकडे व सुई दिली.' 

माफी मागायला गेले.

"जाऊ द्या, मावशी. या सुरीला माझी बायकोबी घाबरते," म्हणून तो हसला. मला वर बघवेना.

संध्याकाळी वीज गेली. घरात मेणबत्ती नव्हती, कंदील लावला.