सायकल हातात धरून चालणारे अध्यक्ष

तांबेवाडीच्या सायकल वाट मंडळाचा अध्यक्ष कोंडीबा याला सायकलवर बसलेलं कुणीही पाहिलं नव्हतं. हातात सायकल, डोक्याला पांढरी टोपी, हँडलला जेवणाचा डबा, असा तो गावातून चालत निघायचा. लोकांना वाटायचं, वेशीबाहेर गेल्यावर बसत असेल. सोलापुरात तो कामाला असलेल्या गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांना वाटायचं, मागच्या वळणावर उतरला असेल. मधल्या रानात काय होतं ते विचारायला कोण जातंय!

विचारलंच कुणी, तर उत्तर तयार असायचं. "बसलं की चाक पळतंय, आन चाक पळालं की वाट दिसत न्हाय. अध्यक्षानं वाट बगायची असती."

खरी गोष्ट अशी की कोंडीबाला सायकल येत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मग सायकल घेतली कशाला? घेतली नाही हो, रुसून मिळवली! लग्नात नवरदेवानं जेवणाच्या पंगतीत रुसायचं, ही आपली जुनी खोड. कुणी घड्याळावर रुसतं, कुणी अंगठीवर. कोंडीबानं पानावर बसून हात आखडला आणि म्हणाला, सायकल पायजे. त्याच्या मित्रांनी चावी दिली होती, दुसरं काय. सासरा रामहरी, शिरसवाडीचा साधा माणूस. वऱ्हाड उपाशी बसलंय म्हटल्यावर त्यानं तिथंच शब्द दिला, दावणीची दुभती म्हैस विकली आणि चार दिवसांत काळी कुळकुळीत सायकल जावयाच्या दारात आणून उभी केली. पुढं वर्षभर त्या घरात चहा कोराच झाला.

जावई पहिल्याच दिवशी ऐटीत बसला आणि उतारावरून थेट निवडुंगाच्या फडात शिरला. काटे कुठं कुठं रुतले ते सांगण्यासारखं नाही. नवी नवरी सोनाबाईनं सुई घेऊन ते एकेक काढले. कोंडीबानं दातओठ खात तिला गळ्याची शपथ घातली, "कुणाला सांगशील तर बग." आणि आपल्या मनाशी दुसरी शपथ घेतली, की मरेन पण या जनावरावर पुन्हा बसणार नाही. पण विकणार कशी? सासऱ्याची म्हैस गेली होती तिच्यापायी. म्हणून गडी सायकल धरून चालायला लागला, आणि चालतच राहिला.

चालणाऱ्याला दगड दिसतात. सडकेनं सोलापूर लांब पडायचं, म्हणून गिरणीत जाणारी पोरं शेतातल्या पायवाटेनं सायकली दामटायची. कोंडीबा रोज जाता-येता त्या वाटेवरचे दगड बाजूला करी, सराट्याचे काटे वेची, बाभळीच्या फांद्या ओढून टाकी. लोक म्हणाले, माणूस देव आहे! पुढं दुष्काळ येऊन सरला, त्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडून सगळ्यांचे हात कामाला सरावलेलेच होते. मग गावानं मंडळ काढलं, सभासदाला वर्षाची वर्गणी आणि मुरूम टाकायचा एक दिवस, असा नियम केला. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नव्हता.

खजिनदार मात्र चनमल्लप्पा झाला, आणि तिथं गंमत झाली. चनमल्लप्पाचं वेशीवर पंक्चरचं दुकान. मंडळ काटे वेचणार आणि खजिनदार काट्यांवर जगणार! वाट साफ करायच्या दिवशी हा सगळ्यात मागं. पण हिशेबाला चोख आणि जिभेला तिखट. एकदा त्यानं अध्यक्षांची सायकल उलटी करून बघितली आणि म्हणाला, "अध्यक्ष, तुमी येवढं उंच, आन शीट येवढी खाली का घेतलीया?"

कोंडीबाला सीट कधी लागलीच नव्हती, त्यामुळं ती वर होती की खाली हे त्याला काय माहीत! पण हार मानेल तो अध्यक्ष कसला. "खाली बसलं की वाट जवळनं दिसतीया," तो म्हणाला.

"आन पंक्चर? हातात धरून येवढी पंक्चरं?"

"तू पैसं घे की आन गप बस की."

चनमल्लप्पानं पैसे मोजून घेतले. रातपाळीच्या आठवड्यातच अध्यक्षांच्या सायकलला पंक्चर जास्त निघतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण गिऱ्हाईक मोडायचं कशाला?

तर असं सगळं बरं चाललं होतं आणि मध्ये केराबाईचा बांध आला. केराबाई म्हणजे मेंढरं राखणारी, एकट्या जिवाची धनगराची म्हातारी. ओढ्याकाठी तिची ज्वारीची पट्टी होती आणि वाट तिच्या बांधावरून जायची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरं वळसा घालून तिच्या उभ्या ज्वारीतनं सायकली घालायची. दोन वर्षं तिनं शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी ती काठी घेऊन मंडळाच्या बैठकीतच आली.

"वड्यावर सिमेटाचं नळं टाका, न्हायतर पाडव्याला मी वाट नांगरती," ती म्हणाली.

"टाकतो की, मावशी. पैसं गोळा करायलोय," कोंडीबा म्हणाला.

"तुमची हौस चार दिसाची. पैसं गोळा हुतील आन तुमी भजी खाऊन मोकळं व्हाल."

वाट नांगरली गेली असती तर गिरणीची निम्मी पोरं सडकेच्या वळशानं उशिरा पोचली असती, आणि उशिरा आलेल्याला फाटकातूनच परत लावायचे. कोंडीबाच्या आयुष्याची कमाई म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती. पोरगं शिकलं नव्हतं, घर गळत होतं, पण त्याची वाट तळहातासारखी होती.

मग मंडळानं सायकलचा खेळ ठरवला. त्या काळात असे खेळ गावोगाव व्हायचे. एक गडी सायकलवर बसला की पाच-पाच दिवस खाली उतरत नसे. गोल रिंगणात फिरतच जेवायचा, फिरतच आंघोळ करायचा, छातीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायचा. कर्ण्यावर गाणी, आणि लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे. त्यात निम्मं त्याचं, निम्मं गावाचं. अक्कलकोटकडचा गुंडा नावाचा असा एक सायकलवाला चनमल्लप्पानं कानडीत घासाघीस करून आणला. खेळाला सायकल मात्र मानाची, अध्यक्षांचीच घेतली.

केराबाई रिंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. "हे बगा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पाच दिस चाक थांबलं न्हाय, तर बांध दिला. कायमचा दिला. नळ्याचं खड्डं मी सोता खांदून देती. पर थांबलं, तर पाडव्याची वाटसुदिक बगायची न्हाय."

सोमवारी गिरणीचा तीनचा भोंगा वाजला आणि गुंडा सुटला. शनिवारी तीनचा भोंगा वाजेपर्यंत फिरायचं होतं. गडी तयारीचा होता. एक खोड मात्र वाईट, नको म्हणायची सवय नव्हती. बायाबापड्या कौतुकानं भजी भरवायच्या, हा खायचा. कुणी जिलबी दिली, खाल्ली. कोंडीबाच्या शेजारच्या फुलाबाईनं शिळी बासुंदी दिली, तीही गट्ट.

शनिवारी दोन वाजून गेले आणि गुंडाचा चेहरा पांढरा पडला.

"अध्यक्ष," तो फिरता फिरता ओरडला, "मला जायला पायजे!"

"भोंगा हू दे की रं!"

"भोंगा माझ्या पोटात वाजलाय!"

आता वेळ कशी बघा. पहिल्या पाळीची पोरं अजून गिरणीत, दुसऱ्या पाळीची मघाशीच निघून गेलेली. चनमल्लप्पाचा पाय गुडघ्यात दुखायचा. सायकल येणारं म्हणून गावाला माहीत असलेलं एकच माणूस तिथं उभं होतं, आणि ते म्हणजे अध्यक्ष!

गुंडानं चालती सायकल सोडून उडी मारली आणि टमरेल घेऊन रानाकडं पळाला. सायकल डुगडुगली. आणि कोंडीबानं झेप घेऊन हँडल पकडलं. पडू दिली नाही, थांबूही दिली नाही. अठरा वर्षं दुसरं केलं काय होतं त्यानं? सायकल धरून तो रिंगणात पळायला लागला. चाक फिरत राहिलं.

"फिरतंय! चाक फिरतंय!" चनमल्लप्पा कर्ण्यावरून ओरडला.

"आरं पर ढकलताय काय?" केराबाईनं काठी आपटली. "ढकलून तर माझी मेंढरंबी फिरवतील. कुणीबी बसा, पर वर बसा!"

"बसा की, अध्यक्ष! बसा की!" सगळं गाव ओरडायला लागलं.

कोंडीबा एक फेरी पळाला, दोन पळाला. टोपी पडली, धोतर सुटायला आलं. छातीचा भाता झाला. इकडं वाट जाणार होती, तिकडं अब्रू जाणार होती, आणि निवडुंगाचा फड डोळ्यांपुढं दिसत होता. काय बोलावं? शेवटी त्याला रडूच फुटलं. पळता पळता तो मोठ्यानं म्हणाला, "मला येत न्हाय! मला सायकल येत न्हाय वो!"

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले.

आणि मागनं केराबाईचा आवाज आला, "आगं सोना, बगतीस काय तोंडाकडं? बस की! माझ्या बांधावर धडाधडा पडताना लाजली न्हाईस, आन हितं लाजायलीस? तुझ्या सायकलीचं क्यारेर धरून ह्या वयात पळालीया मी, ते काय उगंच?"

सोनाबाई गर्दीतून पुढं आली. पदर कमरेला खोचला, लुगड्याचा कासोटा घट्ट ओढला. नवऱ्याच्या हातातून तिनं चालत्या सायकलचं हँडल घेतलं, दोन पावलं पळाली आणि अशी टांग टाकली की बायकांनी तोंडाला पदर लावले आणि म्हाताऱ्यांनी तोंडातल्या चिलमी काढल्या. सीट तिच्या मापाची होती. असणारच! तिनंच खाली घेतली होती.

मग कोडं सुटलं. रातपाळी करून नवरा दिवसा घोरत पडला की ही सायकल काढून रानात जायची. सराटे, पंक्चर, सगळं तिचं. चनमल्लप्पा कर्ण्यावरून नुसता हसत सुटला. "आवो वहिनी, मंडळाची वर्गणी भरा आदी!" तो म्हणाला. बायकांनी हातातली भजी टाकून टाळ्या पिटल्या आणि फुलाबाईनं पहिली नोट सोनाबाईच्या पदराला टाचली.

कोंडीबा धापा टाकत रिंगणाच्या आत बसला होता. सोनाबाई प्रत्येक फेरीला त्याच्या जवळून जायची. एका फेरीला तो म्हणाला, "आगं, कवापास्नं?"

ती पुढं गेली. पुढच्या फेरीला उत्तर आलं, "वर्सं झाली."

"आन मला बोलली न्हाईस?"

आणखी एक फेरी. "बाची म्हस गेली हिच्यापायी," ती म्हणाली. "कुणीतरी बसाय नगं व्हय हिच्यावर?"

कोंडीबाला आतून लाज वाटली, अगदी खरी लाज, गावापुढं रडल्याची नव्हे. तेवढ्यात सोलापूरकडून भोंगा वाजला.

"दिला बांध!" केराबाई गरजली. "पर पोरांस्नी न्हाय दिला आन अध्यक्षालाबी न्हाय. सोनाला दिला. ज्येला जायचंय त्येनं तिला इचारून जावा!"

गुंडा टमरेल हलवत परत आला, तर त्याच्या वाट्याच्या टाळ्या दुसऱ्याच कुणी नेलेल्या. अर्धे पैसे मात्र त्यानं हसत घेतले. पाडव्याच्या आत ओढ्यात नळे पडले, आणि केराबाईनं शब्द पाळून खड्डेही खणले.

कोंडीबानं अध्यक्षपद सोडलं असं वाटेल तुम्हाला. छे! सभेत तो उठला आणि म्हणाला, सायकल येत न्हाय, पर वाट येती. लोक हसले आणि त्यालाच पुन्हा निवडलं. घरी मात्र वेगळा कायदा लागू झाला.

"मला शिकीव की," तो सोनाबाईला म्हणाला.

"न्हाय," ती म्हणाली आणि पानावरून हात आखडून बसली. "आता रुसायची पाळी माजी."

"काय पायजे?"

"तुमाला ठावं हाय."

दिवाळीला गिरणीचा बोनस झाला. भाऊबीज उलटल्यावर शिरसवाडीत म्हातारा रामहरी ओट्यावर ऊन खात बसला होता. त्याच्या दारात जावई आला, घामाघूम, चालत. हातात सायकल नव्हती. कासरा होता आणि कासऱ्याला शिंगं रंगवलेली दुभती म्हैस. जावयानं ती गपचूप त्या रिकाम्या खुंट्याला बांधली आणि सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं.

म्हाताऱ्यानं उठून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग डोळे पुसून म्हणाला, "जावईबापू, आन सायकल वो? इकली का काय?"

"न्हाय मामा," कोंडीबा म्हणाला. "तुमची लेक घिऊन यायलीया की."

आणि वाटेच्या वळणावर घंटी वाजली.