डिप्पर मार रे!

पासिंगला गाडी कधी एकटी येत नाही, सोबत एक थाप घेऊन येते. गाडी पास होऊन निघून जाते, थाप आमच्याकडे राहते. आमच्या वसईच्या गाड्या तपासायच्या सेंटरमध्ये आता बसायला जागा नाही, एवढ्या थापा साठल्यात!

मी तिथे कॉम्प्युटरवर बसते. दिव्यांच्या मशीनवर जनूदादा, चांदीप गावचे. अंधाऱ्या शेडमध्ये गाडी उभी करायची, दिव्याचा झोत पडद्यावर पडतो. रेघेच्या खाली पडला तर पास, वर चढला तर फेल. कारण वर चढलेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, मग तो ओरडतो, डिप्पर मार, म्हणजे दिवा खाली कर!

जनूदादांना प्रत्येक दिव्याचा संशय. त्याला कारण आहे. एका संध्याकाळी कमलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, स्कूटरवरून घरी येत होती. समोरून कोणाचा तरी दिवा डोळ्यांवर आला आणि ती स्कूटरसकट चरात! हाताचं हाड मोडलं. तेव्हापासून तिने स्कूटरला हात लावला नाही, आणि गावात स्कूटर चालवणारी पहिली बाई तीच होती हो! वाईट वाटतं.

"मी समोरूनच येत व्हतो," दादा सांगतात. "उचलायला पयला मीच पोचलो. पन तो पलाला! एक दिवस इथंच येनार, बघ."

*

एक माणूस नवी कोरी टॅक्सी घेऊन आला. दोन्ही दिव्यांच्या मधोमध काळे टिक्के!

"हे काय? उजेड कमी दिसावा म्हनून?" दादांचा संशय तयारच.

"नाही हो, आईने लावलेत. नजर लागू नये म्हणून."

"अरे, मग बंपरला लाव! गाडी आंधली करून नजर वाचवतोस व्हय!"

त्याने रुमालाने टिक्के पुसले. आईला मात्र सांगू नका म्हणाला.

*

माणिकपूरच्या स्टँडवरच्या रिक्षा एकामागून एक आल्या. तिसरी मशीनवर लागली आणि दादा दिव्याला नाक लावून बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काचेच्या आत मेलेला डास हाय."

"असू दे की!"

"असू दे काय? हा डास आज तिसऱ्यांदा पासिंगला आलाय!"

तिघांत मिळून एकच चांगला दिवा, गेटाबाहेर झाडाखाली बदलाबदली! तिघेही इतके गरीब चेहरे करून उभे होते की मला हसू आवरेना. दादांनी तिघांनाही परत पाठवलं.

*

मग आला होळी गावातला फ्रान्सिस, भाजीचा टेम्पो घेऊन. झोत बरोबर रेघेखाली. मी पासचं बटण दाबणार, तोच दादा ओरडले, "थांब! रिकामा टेम्पो कोनीपन पास करंल. मागं मानसं बसवा!"

रांगेतले चारपाच जण हसत हसत मागे चढले. टेम्पोचा मागचा भाग दबला, नाक वर झालं आणि झोत रेघेच्या वर!

"सापडला!" दादांचा आवाज फाटला. "माझ्या कमलला पाडनारा हाच! भाजी भरून चांदीपवरून जात असनार!"

"जेजूची शप्पथ दादा, आपण चांदीप बघितलं पण नाय!"

"चोराला शपथ गोड! उद्या पोलिसात जाऊ."

फ्रान्सिस रडकुंडीला आला. टेम्पो गेला तर घर कशावर चालवू म्हणाला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही त्याचाच संशय आला होता.

*

दुसऱ्या दिवशी कमलवहिनी स्वतःच सेंटरवर आली, रिक्षाने. हात अजून सरळ होत नाही तिचा. फ्रान्सिस बाकावर मान खाली घालून बसला होता.

"त्या पोराला सोडा," ती दादांना म्हणाली. "पयली आपली गाडी लावा मशीनवर."

"आपली? घरच्या गाडीला कसलं पासिंग?"

"लावा म्हनते ना!"

दादांनी चिडून आपली व्हॅन आत घेतली. झोत रेघेच्या खाली, एकदम सरळ.

"बघ! पास!" सीटवरूनच ते हसले. "आता बोल!"

"त्या सांजेला मागं काय व्हतं?"

"मागं? भाताची पोती व्हती. गिरनीवर चाललेलो..." आणि दादांची मान व्हॅनच्या रिकाम्या मागच्या भागाकडे वळली.

मग फ्रान्सिस उठला आणि गुपचूप व्हॅनच्या मागे चढून बसला. त्याच्यामागून रांगेतले आणखी तिघे चढले. पडद्यावरचा झोत चढत चढत रेघेच्या वर गेला.

वहिनी पडद्यासमोरच उभी होती. तिने वाकडा हात डोळ्यांवर धरला.

"अवो, डिप्पर मारा," ती म्हणाली. "तेवाबी मी हेच वरडले व्हते."