कालोलाइने आत्याची दोन वेण्यांची परीक्षा

कालोलाइने हसली की आमच्या गल्लीतली डुकरं उठून बसत. मी तिची शेजारीण, म्हणून शपथेवर सांगते. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण भावाची मुलगी लेसिएली होती, आणि आम्हा टोंगा बेटांवरच्या लोकांत आत्याचा शब्द बापाच्याही वर. त्यामुळे लेसिएली कुठल्या शाळेत जाणार, केस किती वाढवणार, कुणाशी बोलणार नाही, हे सगळं कालोलाइने ठरवायची. बिचारा माका, कालोलाइनेचा धाकटा भाऊ आणि लेसिएलीचा बाप, नुसता मान हलवायचा.

त्या वर्षी सहामाहीत हायस्कूलच्या पाचव्या फॉर्मच्या वर्गातली अर्धी पोरं विज्ञानात आपटली. लेसिएली त्यांत, माझा मुलगा सेमिसीही त्यांत. मुख्याध्यापक विलिसोनी सरांनी सगळ्या घरांना बोलावलं. म्हणाले, "रोज संध्याकाळी मुलांनी शाळेच्या हॉलमध्ये अभ्यासाला यायचं. आम्ही शिकवू. आईबापांनी फक्त बसायचं. पोरं पेंगली तर चिमटा काढायचा, पळाली तर धरून आणायची."

एवढं सोपं काम, आणि तेच आम्हाला जमेना!

पहिल्याच संध्याकाळी कालोलाइने टोपलीभर गरम केके घेऊन आली. तळलेल्या गोळ्यांचा वास सुटला आणि पोरांच्या माना पुस्तकातून वर आल्या. मग तिने न्हाव्याच्या बायकोची अशी काही नक्कल केली की आम्हा बायकांची हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या दिवशी पुरुषांनी हॉलच्या मागे कावाचं, म्हणजे मुळांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाचं, भांडं मांडलं. एकाने गिटार आणली. तिसऱ्या दिवशी मुलं शांत बसून आमच्याकडे बघत होती, जणू तिकीट काढून आली होती.

विलिसोनी सर खुर्चीवर चढले. "अहो, परीक्षा मुलांची आहे ना? जा बघू सगळे घरी!"

आम्ही गेलो. पण दुसऱ्या दिवशी हॉल निम्मा रिकामा. घरून कोणी बघायला नाही म्हटल्यावर पोरं गेली धक्क्यावर, समुद्रात उड्या मारायला.

कालोलाइने तडक सरांकडे गेली. मी सोबत होते, तिनेच ओढून नेलं. दारातच ती जमिनीवर मांडी घालून बसली. "सर, चूक आमची. पण आमची तोंडं बंद राहणार नाहीत, ती देवाने तशीच केलीत. तुम्ही त्यांना काहीतरी काम द्या."

"काय काम देऊ?"

"पोरांनी जे वाचलं ते आम्हाला समजावून सांगायचं. साध्या भाषेत. आम्हाला कळलं तर सुटका, नाही कळलं तर परत पुस्तक."

सरांनी टेबलावरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आणि तुम्हाला कळलंच नाही तर?"

"तर पोरं जन्मभर शिकतील की!" ती हसली, आणि बाहेरची कोंबडी उडाली.

मग हॉलला रंग चढला. आमच्यात बहीणभाऊ मोठे झाले की एका चटईवर बसत नाहीत, म्हणून माका एका टोकाला, कालोलाइने दुसऱ्या. मध्ये लेसिएली वही घेऊन घामाघूम.

"आत्या, झाडाचं पान उन्हात स्वतःचं अन्न करतं."

"चूल कुठंय?"

"चूल नसते गं! ऊन हीच चूल."

"मग रात्री काय, उपाशी?"

लेसिएलीने पुस्तक उलटं केलं, पालटलं, शेवटी सरांकडे पळाली. परत आली ती उड्या मारत. "साठवतं! दिवसा केलेलं साठवून ठेवतं!"

"बघा," कालोलाइने आम्हाला म्हणाली, "अळूच्या पानातही अक्कल आहे. आपला माका बघा, ताटात आलं की फस्त!"

पलीकडच्या टोकावरून माका ओरडला, "ताई, मला ऐकू येतंय!"

सत्र संपता संपता मुलांनीच टूम काढली: आता मोठ्यांची परीक्षा, पेपर आम्ही काढणार. आम्ही हसलो. पण त्या संध्याकाळी कालोलाइने शाळेच्या गणवेशात आली! कुठून तरी लांबरुंद पिनाफोर, शाळकरी मुलींचा बिनबाह्यांचा झगा, शिवून घेतला होता, कमरेला आमच्या रिवाजाप्रमाणे विणलेल्या चटईचा पट्टा, आणि पांढऱ्या झालेल्या केसांच्या दोन वेण्या, रिबिनीसकट. विलिसोनी सर एवढे हसले की त्यांना भिंतीला धरून खाली बसावं लागलं.

पेपर सुरू झाला. माका चर्चच्या पाद्रीबुवांच्या कागदात डोकावत होता. पाद्रीबुवा स्वतः माझ्या कागदात. माझ्या कागदावर नुसतं नाव.

"बाबा, उठा!" लेसिएली हातात पट्टी घेऊन उभी. "कॉपी? बाहेर!"

"थांब गं," कालोलाइने वेण्या उडवत म्हणाली, "मी आत्या आहे. मी माफ केलं त्याला."

सगळ्यांच्या माना लेसिएलीकडे वळल्या. आत्याचा शब्द मोडायचा म्हणजे काय! लेसिएलीचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, "इथं मी बाई आहे, आत्या. तूसुद्धा बाहेर."

कालोलाइने कागद ठेवून उठली. आणि मग असं हसली, असं हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "जाते हो बाई, जाते!" म्हणत दारापर्यंत नाचत गेली. मागोमाग माकाही निघाला, तेव्हा त्याच्यापासून चार हात दूर, कान धरून उभी राहिली. तिथूनच म्हणते कशी, "पोर कुणाला भीत नाही आता!"

वर्षअखेरीस निकाल लागला. लेसिएली विज्ञानात पास, सेमिसीही पास. तिघं नापास राहिली, त्यांना पुन्हा बसवायचं सरांनी त्याच दिवशी ठरवलं. कालोलाइने आमच्या नाचणारणी चोपडतात तसं खोबरेल तेल अंगाला चोपडून रस्त्यात नाचायला निघाली. तिच्यामागे बायका, बायकांमागे शाळेचा बँड, आणि कुठून कोण जाणे, एक डुक्कर ढोलवाल्याच्या पायात. ढोलवाला पडला, ढोल उतारावरून गडगडत धक्क्याकडे निघाला, आणि विलिसोनी सर त्याच्यामागे धावत होते, टाय खांद्यावर टाकून.

"धरा, सर, धरा!" आम्ही ओरडत होतो, आणि हसण्यामुळे मदतीला कुणालाच पळता येत नव्हतं.