फळ्यावरचं नाव

सकाळी सुमन भांडी घासायला आली आणि दारातच थांबली. तोंड वळवून कोपरात शिंकली आणि म्हणाली, "काका, सर्दी झालीय. आत येऊ की नको?"

ते वळलेलं तोंड पाहून मला माझा जुना खोकला आठवला. करोनाच्या दिवसांत 'साधी सर्दी आहे' म्हणत मी गच्चीवर पत्ते खेळत राहिलो. चार घरं आजारी पडली. सगळे वाचले, पण आळ आला सुमनवर. सोसायटीच्या फळ्यावर तिचं नाव लागलं, 'प्रवेश बंद'. मी गप्प बसलो.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, माणसाला आजारी पाडणारे करोना विषाणू सात. त्यांतल्या चारांनी बहुतेकदा नुसती सर्दी होते. उरलेले तीन छातीत उतरून जीवही घेऊ शकतात. नुसत्या शिंकेवरून कोणता आलाय ते कळत नाही. शिंकणाऱ्याने दारात थांबून खरं सांगावं, एवढंच आपल्या हातात असतं. सुमनला ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"सुमन, तेव्हा आजार मी पसरवला होता."

"ठाऊक आहे. तुमची ढास जिन्यात ऐकू यायची," ती म्हणाली. "मला काय सांगता? फळ्यावर लिहा की!"

तिला आराम करायला घरी पाठवलं आणि खडू घेऊन खाली उतरलो. मोठ्या अक्षरांत, सगळं माझ्या नावानिशी लिहिलं. जिना चढून आलो तेव्हा धाप लागली होती. पण कितीतरी वर्षांनी श्वास पोटापर्यंत जात होता.