मोरचुदाचा खडा

"कुणी हात घातला या टाकीत? कुणी?"

प्राचार्य असे ओरडत होते की देवळाली प्रवरापर्यंतच्या उसातले कोल्हे उठून पळाले असतील. हे झालं माझं नेहमीचं फुगवून सांगणं. या टाकीच्या शंभर गोष्टी मी तुम्हाला ऐकवल्यात — मासा माझ्या हाकेला ओ द्यायचा, खेकड्याने साहेबाचं पेन पळवलं — तुम्ही हसलात, मीही हसलो. पण त्या सोमवारची गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

साल बहात्तर. राहुरी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, चार फुटी — मी सहा सांगत आलोय. तीत कोकणातल्या खडकांना चिकटून राहणारे फुलांसारखे जीव, म्हणजे समुद्रफुलं, दोन तारामासे, पोवळ्याचा मुठीएवढा जिवंत गोळा आणि पाच-सात मासे. हे सगळं आणलं गेणूभाऊंनी, आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाने. ट्रकमध्ये पाण्याच्या कॅनना मिठी मारून बसले होते, दोन दिवस. जन्मात समुद्र न पाहिलेली माणसं गावोगावहून बघायला यायची. एका आजींनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "खारट हाय की रं! खराच आनलास!" त्या एका वाक्यावर गेणूभाऊ वर्षभर ताठ चालले. ही थाप नाही.

मग शेवाळ आलं. हिरवं, केसाळ, पोवळ्यावर चढणारं. गेणूभाऊ रोज जुन्या ब्रशने ते खरवडायचे. मला एकदाच म्हणाले, "सर, खानं कमी टाका. उरलेलं सडतंय, त्याच्यावरच हे पोसतंय."

बरोबर होतं. पण पाहुणे आले की मी मूठभर सुकटीचा चुरा उधळायचो — मासे उसळायचे, पाहुणे ओरडायचे, मी फुगायचो. ते सोडू? चिमटीने खाणं, थोडंथोडं पाणी बदलणं, याला महिने लागणार. आणि सोमवारी संस्थेची मंडळी येणार होती. टाकी आरशासारखी दिसेल, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

आमच्या मळ्यातल्या हौदाला शेवाळ धरलं की वडील मोरचुदाचा निळा खडा फडक्यात बांधून पाण्यात फिरवायचे. दोन दिवसांत हौद नितळ. तेच पाणी बैल प्यायचे. मग हौदाला चालतं ते समुद्राला का चालू नये? — प्राणिशास्त्राचा माणूस मी! पुस्तक कपाटात होतं. उघडलं नाही. शनिवारी दुपारी, गेणूभाऊ जेवायला गेलेले असताना, मी खडा फिरवला. चिंचोक्याएवढा. इथे मी तो वाढवत नाही — आणि लहानही करत नाही.

सोमवारी शेवाळ पिवळं पडलं होतं. मासे तेवढे फिरत होते; मोरचुदातलं तांबं आधी मारतं ते बिनकण्याच्या जीवांना. समुद्रफुलं ओल्या चिंध्यांसारखी लोंबत होती, तारामाशांचे हात गळून पडले होते, पोवळं पांढरंफटक. आणि वास —

रविवारी मी सांगायची गोष्टसुद्धा तयार केली होती: कुण्या खलाशाने मला शिकवलेलं गुपित. तिचा आता काही उपयोग नव्हता. शेवाळ गेल्याचं श्रेय घ्यावं, तर बाकीचं मरणही माझंच. प्राचार्य ओरडतायत, संस्थेची मंडळी नाकाला रुमाल लावून उभी, दारात गेणूभाऊ. कुठून निसटणार होतो मी?

बोललो. चारच शब्द.

"रोज पाणी गेणूभाऊच घालतात."

खरं होतं ते! उन्हाने आटलेलं पाणी भरून काढायला ते रोज तांब्याभर विहिरीचं गोडं पाणी घालत. मीच सांगितलं होतं तसं. उभ्या जन्मात तिखटमीठ न लावता बोललेलं माझं हे एकच वाक्य असेल — आणि याच्याइतकं खोटं मी दुसरं बोललेलो नाही. गेणूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं का? असावं. मी भिंतीवरच्या बेडकाच्या तक्त्याकडे बघत होतो. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. मी ते मोजले.

प्रयोगशाळेची किल्ली त्याच दिवशी त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना फाटकावर बसवलं. येताजाता पोरं विचारायची, "काय गेणूभाऊ, समुद्र आटवला व्हय?" मी रोज दोनदा त्याच फाटकातून जायचो. कॉलेजला दुसरं फाटक नव्हतं.

आठवड्याने थांबलो. आज सांगायचंच, असं ठरवून. तोंड उघडलं — आणि निघालं काय?

"मासे तेवढे राहिलेत, गेणूभाऊ."

त्यांनी फाटक माझ्यासाठी पूर्ण उघडलं.

"चिमूटभरच टाका, सर. लई टाकलं की शेवाळ येतं."