मोहरीएवढं भोक

माझा थोरला भाऊ नृसिंह राशिनकर राहात्याच्या ठाण्याचा फौजदार होता, आणि त्याच्यासारखा नेमबाज फौजदार साऱ्या नगर जिल्ह्यात नाही असं लोक म्हणत. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. वहिनी गेल्यापासून त्याचं घर मीच बघत होते, त्यामुळे लोक फौजदाराच्या तोंडावर काय बोलतात आणि त्यातलं खरं किती असतं हे मला पुरतं ठाऊक होतं. नेमाचं मात्र खरं होतं.

दादाला दुसरं काही येतच नव्हतं. गाणं नाही, पत्ते नाहीत, चार माणसांत बसून गप्पा नाहीत. जेवतानासुद्धा एक डोळा मिटून समईच्या ज्योतीवर बोट रोखायचा. मी म्हणायचे, "दादा, तिनं कुणाच्या घरी चोरी केली?" तो हसायचा आणि आमटी मागायचा. खंडेनवमीला मात्र त्याचा थाट बघावा. पाटावर लाल कापड, त्यावर तेलानं पुसून लख्ख केलेलं रिव्हॉल्व्हर, हळदकुंकू, झेंडूचं फूल. फूल शेजारच्या गोजरबाईच्या मळ्यातलं. ती दरसाल टोपलीभर झेंडू घेऊन यायची आणि त्या हत्याराला लांबूनच हात जोडायची.

लढाई संपली त्या साली दादा चांदमारीत नापास झाला. दरवर्षी नवरात्राच्या आधी नगरला सगळ्या फौजदारांना बोलावून नेम बघत. हात लांब करून रिव्हॉल्व्हर धरायचं, मागच्या खाचेतून नळीच्या टोकावरचा लोखंडी दाणा बघायचा, त्याला माशी म्हणतात, आणि ती माशी समोरच्या काळ्या गोलाखाली बसली की घोडा ओढायचा. दादाला गोल स्वच्छ दिसत होता, पण माशी धुरकटली होती. चाळिशीचा चष्मा लावला तर माशी दिसायची आणि गोल विरघळायचा. वय झालं की सगळ्यांचंच असं होतं. पण मोठ्या साहेबांनी बजावलं, पुढच्या वर्षीही हेच झालं तर रिव्हॉल्व्हर जमा करायचं, ठाणं सोडायचं आणि नगरच्या कचेरीत टपाल बघत बसायचं.

घरी येऊन दादा ओट्यावर बसून राहिला. "विजे, मला टपालातलं काय कळतं गं?" म्हणाला. मला त्याचा राग आला, साहेबांचा आला आणि त्या माशीचाही आला.

उपाय सुचवला सहादेवानं. हा ठाण्यातला हवालदार, लढाईवर जाऊन पुन्हा नोकरीवर आलेला जुना गडी. "सायेब, आमच्या नव्या रायफलीला खाच नव्हती. मागं पत्र्याला बारीक भोक. त्यातून बघितलं की माशी आन् निशान दोनी नितळ दिसायची. आपल्या पिस्तुलाला तसंच करू की."

मग बन्सी सोनार आला. लहान पोरांचे कान टोचणारा माणूस, त्याला बारीक भोकाचं काय अवघड? त्यानं पितळेची टिकली घडवली, मधे भोक पाडलं, आणि रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर चिमट्यानं बसेल अशी करून दिली. दादानं हात लांब केला, डोळा मिटला, आणि त्याचा चेहराच पडला. रायफल गालाला लावायची असते, तिचं भोक डोळ्यापाशी येतं. रिव्हॉल्व्हर हाताच्या टोकाला. तिथून भोक कसलं, टिकलीच जेमतेम दिसत होती. बन्सीनं भोक मोठं केलं, पुन्हा मोठं केलं. पलीकडचं दिसायला लागलं तेव्हा माशी पहिल्यासारखीच धुरकट. मी म्हटलं, "अजून थोडं वाढवा, म्हणजे मला बांगडी तरी होईल." कुणी हसलं नाही.

हिवाळा असाच गेला. चैत्रात एका मुंजीला आम्ही गेलो होतो. पंगत बसली, वाढप अजून आमच्यापर्यंत यायचं होतं, आणि दादाच्या पत्रावळीची एक काडी निसटलेली होती. काडीच्या जागी बारीक भोक. आमच्या या महाराजांनी पत्रावळ उचलून डोळ्याला लावली. दुसरा हात लांब करून स्वतःच्याच बोटाकडे बघायला लागले. भटजी, वाढपी, यजमान सगळे बघतायत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाला त्याचं काहीच नव्हतं. "नख दिसतंय," तो म्हणाला, "आणि मांडवाचा तिकडचा खांबही दिसतोय. विजे, भोक हत्याराला नको, डोळ्याला हवं." आणि वरणभातावर तूप पडायच्या आत पंगतीतून उठला. त्या यजमानांनी पुढं कधी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही.

बन्सीनं मग जुन्या चष्म्याची काच काढून तिथं टिकली बसवली. भोक एवढंसं, मोहरी जेमतेम जाईल इतकं. गावाबाहेर कोरड्या ओढ्यात दादानं पहिल्यांदा बार काढले तेव्हा मी मुद्दाम गेले होते. पेरूच्या पेटीची फळी उभी केली होती, तिच्यावर कोळशानं काढलेला गोल. गोळ्या सगळ्या गोलातच गेल्या. सहादेवानं फळी आणून दाखवली, तेव्हा दादा ती हातात धरून नुसता उभा राहिला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. फक्त ऊन कललं की भोकातून अंधार दिसायला लागायचा. भोक मोठं करावं तर माशी परत धुरकटायची. "असू दे," दादा म्हणाला, "चांदमारी भर दुपारी असते." साहेबांनाही त्यानं आधीच विचारून ठेवलं. ते हसले म्हणे. हत्याराला काही लावायचं नाही, डोळ्याला काय लावायचं ते लावा, एवढंच म्हणाले.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. कालव्याखालचे उसाचे मळे हिरवे होते, पण कोरडवाहूवाल्यांचे हाल कुत्रं खाईना. भादवा सरत आला तरी ज्वारी पेरायला ओल नव्हती. रोज कडकडीत ऊन पडायचं, लोक आभाळाकडे बघून सुस्कारे टाकायचे, आणि आमच्या घरात एक माणूस त्या उन्हावर खूश. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

चांदमारीला थोडेच दिवस उरले असताना गावानं धोंडी काढली. अंगभर लिंबाचे डहाळे बांधलेला माणूस दारोदार फिरतो आणि घराघरातून त्याच्यावर पाणी ओततात, म्हणजे पाऊस येतो अशी समजूत. त्या वर्षी गोजरबाईचा मुलगा गहिनीनाथ धोंडी झाला होता. राहात्यात पहिल्या घागरीचा मान ठाण्याच्या फौजदाराचा. घागर ओतायची आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं पाऊस मागायचा.

वाजंत्री कोपऱ्यावर आली तशी मी दादाला म्हटलं, "तू आत बैस. डोकं दुखतंय म्हणून सांगते. घागर मी ओतते."

"मान माझा आहे," तो म्हणाला.

दारात सगळा गाव उभा होता. दादानं घागर उचलली, गहिनीनाथच्या डोक्यावर रिती केली, आणि हात जोडून म्हणाला, "पाऊस पडू दे. सगळ्यांच्या शिवारात पडू दे." गोजरबाईनं पदर डोळ्याला लावला.

रात्री जेवताना मी विचारलं, "मनापासून मागितलास?"

"एवढ्या लोकांपुढं खोटं कसं मागणार?" दादा म्हणाला आणि ताक मागितलं.

चांदमारीच्या दिवशी पहाटे मी अंगणात आले तर चांदणी दिसेना. उजाडलं तेव्हा आभाळ चारी बाजूंनी भरून आलेलं. दादानं चष्मा रुमालात गुंडाळला, देवाला नमस्कार केला, आणि सहादेवाला बरोबर घेऊन नगरची वाट धरली. मी दिवसभर शाळेत मुलींवर खेकसत होते. मला देवाचा इतका संताप आला होता की संध्याकाळी दिवाही लावावासा वाटेना.

पुढचं मला सहादेवानं सांगितलं. दादा घरी आला आणि थेट मोरीवर हातपाय धुवायला गेला, तेव्हा सहादेव ओट्यावर टोपी हातात घेऊन उभा होता.

"बाई, दुपारीच दिवेलागनीवानी हुतं," तो म्हणाला. "सायबांनी चष्मा लावला, हात वर केला, आन् तसाच धरून उभं ऱ्हायलं. भोकातून समदं काळंच दिसाय लागलं. मंग खाली घेतला हात. मोठ्या सायबांना म्हनलं, जरा ऊन येऊ द्यावं. मी इतकी वर्सं बघतोय, कुनाला काई मागितलेलं न्हाई त्यांनी."

"मग?"

"मोठं सायेब म्हनलं, चोर काय उनाची वाट बघून येतो का, राशिनकर? त्याला काय उत्तर देनार? खरंच हाय की ते. मंग सायबांनी चष्मा काढला आन् उघड्या डोळ्यानं मारल्या. एक लागली कडंला. बाकीच्या मातीत. परत निगालो तवा पाऊस सुरू झाला, बाई. लई पडला."

दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या कमरेचा पट्टा नव्हता. इतक्या वर्षांत मी त्याला पट्ट्याशिवाय असा कधी पाहिलाच नव्हता. मी पान वाढलं. तो जेवला. समईकडे त्यानं बोट केलं नाही.

पाऊस लागूनच राहिला. खंडेनवमीला सकाळी मी सवयीनं पाट मांडला आणि लाल कापड अंथरलं, मग लक्षात आलं तशी चिडून पुन्हा उचलायला गेले. "राहू दे," दादा म्हणाला. कचेरीत रुजू व्हायला त्याला नवरात्र संपेपर्यंत सवड दिली होती, आणि सामानाची बांधाबांध अर्धी झाली होती. तेवढ्यात गोजरबाई आली. डोईवर पोतं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, टोपलीत झेंडू. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

"सायेब, तुमच्या हातची घागर लागू पडली," ती म्हणाली. "समद्या शिवारात ओल झाली. वापसा आला की गहिनी पेरायला लागल. तुमच्यावानी मानूस ठान्याला हाय म्हनून हे झालं."

"बरं झालं," दादा म्हणाला. "ज्वारी चांगली येईल."

तिनं पाटाकडे पाहिलं. "हत्यार काढलं न्हाई जनू अजून? ऱ्हाऊ द्या, म्या फूल वाहून जाते." आणि त्या रिकाम्या लाल कापडावर, दरसाल रिव्हॉल्व्हर असायचं तिथं, तिनं झेंडूचं मोठं फूल ठेवलं. हात जोडले. दादानंही जोडले.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. "सांगायचं होतंस तिला. तुझ्या घागरीनं काय केलं ते कळू दे की गावाला."

"काय सांगू?" दादा म्हणाला. "मला पाऊस नको होता, हे सांगू?"

तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत होते की नाही कुणास ठाऊक. फूल तसंच राहू देऊन मी पाट आत नेला.