माधवला मी आठ दिवस सांगितले

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, एवढ्या वर्षांच्या मैत्रिणीजवळ नाही. तुला सांगते, कारण तू माधवला ओळखत नाहीस. ओळखत असतास तर त्याचीच बाजू घेतली असतीस. सगळेच घेतात. गोड माणूस आहे तो.

माधव माझा मावसभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी अण्णा नगरच्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होते — रक्त, लघवी, थुंकी, हेच माझं जग. वडील रेल्वेत, म्हणून आम्ही चेन्नईचे झालेलो. माधव जळगावहून आला तो दोन हजार सालानंतर, सॉफ्टवेअरच्या लाटेत. पेरुंगुडीला चार मुलांत राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. आमटीवर आडवा हात मारून आईला म्हणायचा, "मावशी, सांबार खाऊन खाऊन माझी जीभ मेली होती गं." आई लगेच विरघळायची.

आता मुद्द्यावर यायला हवं. येते.

मला लहानपणी आकडी यायची. चौदाव्या वर्षी शेवटची आली, मग गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं. एकतिसाव्या वर्षी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा बँकेत, बदलीवर चेन्नईला आलेला, शांत. त्याला हे मी स्वतः सांगणार होते — खरंच सांगणार होते. त्याआधीच एका दुपारी जेवणानंतर माधवने, आमच्याकडे आलेल्या त्या मुलाच्या घरच्यांसमोर, माझी नक्कल करून दाखवली. माधवच्या मुंजीत ताई कशी मांडवात पडली, डोळे कसे फिरवले, तोंडाला फेस कसा आला. जमिनीवर आडवं पडून दाखवलं रे त्याने! मी आत विड्याची पानं लावत होते. बाहेर आधी हशा ऐकला आणि मग एकदम शांतता.

आठवड्यात नकार आला. माधव म्हणाला, "मी काय खोटं बोललो का, ताई?" नव्हताच बोलला. त्याचं मी काय करायचं होतं?

दोन वर्षं मी काहीच केलं नाही. रविवारी त्याला वाढत राहिले.

मग त्याला शोळिंगनल्लूरच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली, सहा महिन्यांत अमेरिकेला पाठवणारी. रुजू होण्याआधी लघवीची तपासणी होती, नशेच्या पदार्थांसाठी. नमुना आमच्याच लॅबमध्ये द्यायचा होता. तो मला विचारायला आला, कारण आमच्या ओळखीतला प्रत्येक मराठी माणूस आपला रिपोर्ट आधी मलाच दाखवायचा.

भानगड अशी की माधव रोज भांग खायचा. खोलीतला बनारसचा मुलगा गोळ्या आणायचा. जेवणानंतर एक. दीड-दोन तासांनी चढायची — तोंड कोरडं, डोळे लाल, छातीत धडधड, आणि मग पंख्याकडे बघून अर्धा तास हसत बसायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. त्याच्या मते गांजा ही नशा आणि भांग हा महादेवाचा प्रसाद. लघवीला हा फरक कळत नाही, हे त्याला कोण सांगणार?

"ताई, तारीख मी निवडायची आहे. पुढच्या आठवड्यात देऊ की महिना-दीड महिन्याने? दोन्ही चालेल म्हणालेत."

मला उत्तर येत होतं. नशा काही तासांत उतरते, माणसाला वाटतं संपलं. संपत नाही. भांगेतला अंश चरबीत जाऊन बसतो, आणि रोज खाणाऱ्याच्या अंगातून आठवडेच्या आठवडे थोडाथोडा लघवीत उतरत राहतो. माधवचं पोट तर शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं. दीड महिना थांब, एवढंच म्हणायचं होतं. त्याचं आयुष्य सरळ लागलं असतं.

मी म्हटलं, "आठ दिवस पुरे. गोळी बंद कर, रोज समुद्रावर पळ, घाम काढ."

पळणंही मुद्दाम सांगितलं. चरबी जळली की तिच्यातलं थोडं रक्तात परत येतं, असं मी वाचलं होतं.

तो पळाला. गोळी सुटल्यामुळे त्याची झोप उडाली, अन्न जाईना, अंथरूण घामाने ओलं व्हायला लागलं. फोन करून घाबऱ्या आवाजात विचारायचा, ताई, हे काय होतंय? मी म्हणायचे, बाहेर पडतंय ते, चांगलं लक्षण आहे. फोन ठेवल्यावर मला हसू यायचं. हो, हसू!

नमुना मीच तपासला. त्या पट्टीवर स्वच्छ माणसाची रेघ उमटते. माधवची उमटली नाही. मी नियमाप्रमाणे नमुना मोठ्या लॅबकडे पाठवला, तिथेही तेच आलं. नात्यातला आहे हे मी लॅबच्या मॅडमना सांगितलं नाही. त्यांनी रिपोर्टवर सही केली, "सरि, अनुप्पिडुंग" — बरं, पाठवून द्या — म्हणाल्या. मी पाठवून दिला.

नोकरी गेली. कंपनीतल्या कुणाकडून तरी गोष्ट जळगावला पोचली आणि ठरत आलेलं त्याचं लग्नही मोडलं. मावशीचा फोन आला. जिने मला लहानपणी आकडीत मांडीवर धरलं होतं, ती रडत विचारत होती, "खरं सांग गं, माझा मुलगा नशा करतो का?" भांगेच्या गोळीला नशा म्हणायचं की नाही, किती, कशी, हे मला समजावता आलं असतं. मी म्हटलं, "रिपोर्ट खोटा नसतो, मावशी." ती पुढे दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. मग ती गेलीच.

माधव आता जळगावात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. एकटाच आहे. माझ्यावर त्याने कधी संशय घेतला नाही. उलट, ताईने सांगितलं ते बरोबरच असणार, माझंच शरीर वेगळं, असं लोकांना सांगतो. दर भाऊबीजेला दिवसरात्रीचा प्रवास करून चेन्नईला येतो, माझ्यासमोर पाटावर बसतो, डोळे मिटतो. मी त्याला कुंकू लावते, ओवाळते. आई म्हणते, औक्ष माग भावासाठी.

मी त्याच्या अर्ध्या पांढऱ्या झालेल्या डोक्याकडे बघते, आणि मनात येतं — बरं झालं.